दाताला कॅप बसविल्यानंतरचे दुखणे : केव्हा थांबावे, केव्हा धावावे?

डोके दुखले किंवा ताप आला तर घरातील चार माणसे जवळ येऊन विचारपूस करतात. दाढ दुखते असे सांगितले तर मात्र "लवंग धरा दाढेखाली" एवढे बोलून जो तो आपल्या कामाला लागतो. दातांचे दुखणे आपल्याकडे दुखण्यात धरलेच जात नाही. त्यातून दातावर उपचार करून, पैसे मोजून, वर कॅप बसवून घेतल्यानंतरही दात दुखत राहिला तर माणसाची मोठी पंचाईत होते. घरचे म्हणतात, "आता तर कॅप बसवली ना, मग कशाला कण्हता?" डॉक्टरकडे पुन्हा जाण्याचा संकोच वाटतो. मग माणूस मेडिकलवरून गोळ्या आणतो आणि दिवस काढतो.

आम्हीही असेच दोन महिने काढले. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा एखाद्या साहित्यविषयक प्रश्नावर लिहावे असे प्रथम मनात होते. परंतु जे स्वतः सोसून कळले तेच समाजबांधवांच्या व विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत लिपिक आहोत आणि शिक्षण कला शाखेचे आहे. पुढील माहिती दंतवैद्यांना विचारून व वाचून समजून घेतली आहे. डॉक्टरकडे न जाण्यासाठी नव्हे, तर वेळेवर जाण्यासाठी तिचा उपयोग व्हावा एवढीच अपेक्षा.

एकाच घरातील दोन दाढा

दोन वर्षांपूर्वी एकाच हंगामात आमच्या घरात दोन दाढांना कॅप बसल्या. पहिली सौ.ची. डाळीतला खडा चावला जाऊन तिच्या खालच्या दाढेचा एक कोपरा निघाला. आतली नस चांगली होती म्हणून रूट कॅनाल न करता दाढ घासून कॅप बसविली. पहिला आठवडा माठातले पाणी प्यायले की तिला कळ जाई, पण घोट गिळल्यावर ती लगेच थांबे. दुसऱ्या आठवड्यात कळ सौम्य झाली आणि महिना होता होता ती हे दुखणे विसरूनही गेली.

दुसरी दाढ आमची, वरच्या बाजूची. कीड खोलवर गेली होती. रूट कॅनाल झाले आणि पंधरा दिवसांनी कॅप बसली. त्याच रात्री ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास चावला आणि कळ थेट कानशिलापर्यंत गेली. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "नवीन आहे, हळूहळू बसेल." सौ.लाही हेच सांगितले गेले होते. शेजारच्या काऊंटरवरचे सहकारी म्हणाले, "साहेब, नवी चप्पलसुद्धा आठ दिवस चावतेच की."

आठ दिवस गेले, महिना गेला. आम्ही एकाच बाजूने जेवू लागलो. गोळ्यांनी दाढ दोन-चार तास गप्प राही, पण पोटात जळजळ सुरू झाली. काऊंटरवर ग्राहकाशी विनाकारण चिडून बोलण्याची वेळ आली. अखेर वाटले, दाढच काढून टाकावी म्हणजे कटकट मिटेल.

त्या वेळी आमच्या आईने अडविले. तिच्या तोंडात आज एकही दाढ नाही. तिच्या तरुणपणी या भागात दात दुखला की तो काढणे एवढाच उपाय लोकांना माहीत होता. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली झाले, मराठवाड्यात औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) ते १९८२ साली सुरू झाले. कनेरगाव नाक्यासारख्या, मराठवाडा व विदर्भाच्या सीमेवरच्या गावातील शेतमजूर बाईला यांपैकी काहीच जवळचे नव्हते. एकेक करून दाढा गेल्या. आज ती भाकरी वरणात कुस्करून, भिजवून खाते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, काढणं सोपं आहे. भाकर चावून खायला मिळणं सोपं नाही. आधी दाखवून ये." त्या एका वाक्यामुळे आमची दाढ वाचली.

दोघांना सल्ला एकच मिळाला, थांबा. तो एकीच्या बाबतीत खरा ठरला, दुसऱ्याच्या बाबतीत खोटा. असे का व्हावे, हे समजण्यासाठी कॅप म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

कॅप काय करते आणि काय करत नाही

दाताचे वरचे कठीण कवच म्हणजे इनॅमल. दाढेच्या उंचवट्यावर ते सुमारे २ ते अडीच मिलिमीटर जाड असते. त्याच्या आत डेंटीन नावाचा थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी भरतात. त्याच्याही आत, दाताच्या पोकळीत, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो. त्यालाच आपण नस म्हणतो.

कॅप बसविण्यासाठी जागा करावी लागते. त्यासाठी दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग साधारणपणे दीड ते दोन मिलिमीटर घासतात. बाजूही थोड्या घासतात. मग माप घेऊन धातूची, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली किंवा झिर्कोनियाची टोपी तयार होते व ती सिमेंटने चिकटविली जाते. रूट कॅनाल झालेली दाढ पोकळ झाल्याने ठिसूळ असते, चावताना ती फुटू नये म्हणून तिला ही टोपी लागते.

यावरून ध्यानात येईल की कॅप हे घराचे छप्पर आहे. ते पावसापासून घर राखते, पण भिंतीत मुरलेली ओल काढत नाही. कॅप दुखणे बरे करीत नाही, बऱ्या झालेल्या दाताला जपते. म्हणून कॅपनंतर दुखले तर कॅपच खराब असा निष्कर्ष काढू नये, आणि कॅप बसली म्हणजे आत सारे ठीक असा समजही करून घेऊ नये.

दुखण्याची कारणे

पहिले आणि फार वेळा आढळणारे कारण म्हणजे उंच राहिलेली कॅप. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो व दात त्यात टांगलेला असतो. या पडद्याची जाणीव इतकी तीक्ष्ण असते की दातांमध्ये केस आला तरी लगेच कळतो. कॅप किंचित जरी उंच राहिली तरी जेवताना सगळा भार त्याच एका दातावर येतो आणि पडदा सुजतो. तोंड इंजेक्शनने बधिर असताना, खुर्चीवर आडवे पडून रुग्णाला हे नीट सांगता येत नाही. ते कळते घरी, पहिल्या घासाला. यावर उपाय सोपा आहे. डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगतात. आपल्या बँकेतल्या कार्बन पेपरसारखाच तो असतो. जिथे जास्त भार येतो तिथे ठसा उमटतो व तेवढा भाग घासून देतात. झिर्कोनियासारखी कठीण कॅप चावून चावून आपोआप बसेल अशी वाट पाहण्यात मात्र अर्थ नाही.

दुसरे कारण जिवंत दाताची नस. रूट कॅनाल न झालेला दात घासला की नळ्या उघड्या पडतात, उष्णता लागते, सिमेंट लागते आणि नस चिडते. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत शांत होते. सौ.च्या दाढेचे असेच झाले. पण आधीच मोठी कीड होती, फिलिंग खोल होते किंवा दात तडकलेला होता, तर चिडलेली नस पुन्हा सावरत नाही. कठीण भिंतींच्या आत तिला सुजायला जागा नसते, म्हणून ठणका भयंकर असतो व आडवे पडल्यावर वाढतो. गरम चहाने कळ येऊन ती बराच वेळ रेंगाळणे, काही न खाता-पिता दुखणे, रात्री झोपेतून जाग येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रूट कॅनाल करावे लागते. पुष्कळदा ते कॅपलाच छिद्र पाडून करता येते व नंतर छिद्र बुजवितात. त्यामुळे कॅपचे पैसे वाया जातील या भीतीने अंगावर काढू नये.

येथे एक फसगत सांगितली पाहिजे. आठवडाभर ठणकणारा दात एखाद्या सकाळी एकदम थांबतो. माणूस खूश होतो. पण असा ठणका अचानक थांबणे म्हणजे कित्येकदा नस बरी होणे नव्हे, ती मरणे असते. मग आतला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी पोहोचतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजून वर येतो.

तिसरा प्रश्न आम्हाला स्वतःला पडला होता. नसच काढून टाकली, मग दुखते काय? उत्तर असे की रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढतात. मुळाभोवतीचा पडदा व हाड यांच्या नसा जागेवरच असतात. म्हणून अशा दाताला थंड-गरम लागत नाही, पण चावल्यावर किंवा ठोकल्यावर दुखू शकते. थंड लागत असेल तर शेजारचा दात तपासला पाहिजे. उपचारानंतर काही दिवस चावताना दुखणे हे नेहमीचे आहे. ते टिकून राहिले तर मात्र आत जंतू उरले आहेत का, एखादी नळी सुटली आहे का, मुळाला भेग आहे का, हे पाहावे लागते. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन असतात, परंतु निम्म्याहून अधिक दाढांत नळ्या चार असतात आणि ती चौथी नळी अतिशय बारीक असल्याने सहज निसटते.

आम्ही आमचे सर्व कागद घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. प्रथम निळ्या कागदावर कॅप उंच असल्याचे दिसले. ती घासल्यावर दुखणे निम्म्याने उतरले, पण गेले नाही. मग वेगळ्या कोनातून एक्स-रे काढला. कॅपच्या आतले एक्स-रेत दिसत नाही, मुळे मात्र दिसतात. चौथी नळी राहून गेली होती. म्हणजे एका दाढेला दोन कारणे होती, आणि आम्ही दोन महिने दोन्हींवर एकच गोळी खात होतो.

चौथे कारण हिरडी व शेजार. कॅपच्या कडेला सिमेंटचा कण राहिला किंवा कड हिरडीत रुतली तर हिरडी सुजते व ब्रश करताना रक्त येते. दोन दातांत फट राहिली तर प्रत्येक जेवणानंतर तंतू अडकून दुखते. काही वर्षांनंतर कॅपच्या कडेखालून नवी कीड लागून दुखणे सुरू होते. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपखालच्या दाताला लागते.

पाचवे कारण भेग. एका ठराविक ठिकाणी चावले तरच, किंवा चावून दात सोडताना, टोचल्यासारखी कळ येत असेल तर भेगेचा संशय घेतात. भेग मुळात खोल उतरली असेल तर दात वाचविणे कठीण असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

शेवटी, दुखणे दातात जाणवते पण दाताचे नसते असेही घडते. सर्दीने गालाच्या हाडातील पोकळी भरली की वरच्या दाढा दुखतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकारात विजेचा झटका बसावा तशी क्षणभर कळ येते. आणि चालताना किंवा श्रम करताना खालचा जबडा दुखून येत असेल, सोबत छातीत दाब वा घाम येत असेल, तर तो हृदयविकार असू शकतो. तेव्हा दंतवैद्याकडे नव्हे, तातडीने मोठ्या दवाखान्यात जावे.

थांबावे केव्हा, धावावे केव्हा

या सर्वांतून एक सोपी कसोटी आम्हाला मिळाली. दुखणे किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे हे पाहावे. कर्जाचा हप्ता नियमित जात असेल तर बाकी दर महिन्याला उतरते. मग रक्कम मोठी असली तरी काळजी नसते. बाकी उतरतच नसेल किंवा वाढत असेल तर कुठे तरी चुकले आहे. दाताचे तसेच आहे.

थांबण्यास हरकत नाही ती अशी : हिरडी हुळहुळणे व चावताना सौम्य दुखणे, आठवडा-दोन आठवडे, जिवंत दाताला थंड लागून लगेच थांबणे, काही आठवडे. अट एकच, ते दर आठवड्याला कमी होत गेले पाहिजे.

दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे परत जावे ते असे : तोंड मिटताना कॅपचा दात आधी टेकणे, दोन आठवड्यांनंतरही चावताना तेवढेच दुखणे, गरमाने कळ येऊन रेंगाळणे, रात्रीचा ठणका, हिरडीवर पुळी येणे, कॅप हलणे किंवा तोंडात घाण चव येणे.

त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनाने जावे ते असे : गाल किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास. दाताचा संसर्ग गळ्यात उतरला तर तो जिवावर बेततो. येथे संकोच, पैसा, परीक्षा, पेरणी काहीही आड येऊ देऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच उशीर करू नये.

तोपर्यंत घरी काय करावे

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. त्या बाजूने ऊस, चिक्की, फुटाणे चावू नयेत. दात घासणे मात्र बंद करू नये, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत हळुवार स्वच्छता ठेवावी. लवंगेचे तेल कापसावर थेंबभर लावल्यास थोडा वेळ आराम पडतो, परंतु ते जास्त झाले तर हिरडी भाजते. गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, त्यानेही कातडी भाजते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून व थोडे दिवसच घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, दमा किंवा गरोदरपण असेल तर न विचारता घेऊच नयेत. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या खाऊ नयेत. उंच कॅप त्यांनी खाली बसत नाही आणि चिडलेली नस त्यांनी शांत होत नाही.

आपल्या भागात दाढ दुखली की मिश्री लावण्याची किंवा तंबाखू धरण्याची सवय आहे. त्याने क्षणभर बरे वाटते म्हणून ती सुटत नाही. पण हिरडीची हानी होत राहते व मुखकर्करोगाला दार उघडते. निखळलेली कॅप फेविक्विकने चिकटवू नये, डबीत जपून ठेवून घेऊन जावी.

डॉक्टरकडे जाताना

जाण्यापूर्वी आठ दिवस वहीत टिपण ठेवावे. कशाने दुखले, थंड, गरम की चावल्याने? किती वेळ टिकले? दिवसा की रात्री? कोणत्या दाताला बोट लावता येते? आमच्या अशा दोन पानांवरून तपासणाऱ्या डॉक्टरांना लवकर अंदाज आला. जुने एक्स-रे, केसपेपर व पावत्या फाईलमध्ये ठेवाव्यात. कॅपसोबत वॉरंटी कार्ड मिळते, पण ते टोपीचे असते, दाताचे नव्हे, हे विसरू नये.

प्रथम ज्यांनी कॅप बसविली त्यांच्याकडेच जावे आणि भांडण न करता स्पष्ट विचारावे : चावण्याची उंची पुन्हा पाहता का? एक्स-रे काढता का? नस जिवंत आहे का? समाधान झाले नाही तर दुसरे मत घेण्यात कोणाचाही अपमान नाही. जिल्हा रुग्णालयात दाखविता येते आणि गुंतागुंतीच्या दातासाठी शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. मात्र बाजारात बसून दात काढणाऱ्या, "कीड" काढून दाखविणाऱ्या माणसाकडे जाऊ नये. दाताची कीड हा किडा नसून जंतूंनी तयार केलेल्या आम्लाचे काम आहे. १९४८ सालच्या कायद्याने दंतवैद्यांना राज्य परिषदेकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. ते नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागण्यात गैर काही नाही.

विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. नांदेड, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे वसतिगृहात राहणारी मुले घरी काळजी नको म्हणून दुखणे लपवितात व परीक्षेपर्यंत गोळ्यांवर राहतात. लवकर दाखविले तर जे काम निळ्या कागदाच्या एका ठशाने होते, तेच उशिरा गेल्यास रूट कॅनालने, आणि त्याहून उशिरा दात गमावून होते.

आमची दाढ आज शाबूत आहे. चौथी नळी स्वच्छ करून भरली, कॅपचे छिद्र बुजविले आणि तीन आठवड्यांनी आम्ही त्या बाजूने पुन्हा भाकरी खाल्ली. आई समोर बसली होती. तिने आपली भाकरी वरणात कुस्करली आणि आमच्याकडे पाहून विचारले, "चावते का?" आम्ही म्हणालो, "चावते." आईच्या पिढीला विचारायला जवळ कोणी नव्हते. आपल्याला आहे. तेव्हा दुखणे उतरत असेल तर धीर धरावा, उतरत नसेल तर मुकाट्याने सोसू नये, जाऊन विचारावे, एवढीच समाजबांधवांना विनंती.